खाऊचा कागदी डबा दर हॅलोवीनला का उसवतो? निदान आणि उपाय

डबा टेबलावर असतो तोवर झकास दिसतो. नारिंगी कागद, काळ्या मांजरीचं चित्र, वर रिबीन. ३० ऑक्टोबरच्या रात्री चॉकलेटं भरून ठेवली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एखाद्याचा तळ लोंबायला लागतो, एखाद्याची कड फुटून आतला पांढरा कागद दिसतो, कुणाचं झाकणच बसत नाही. मग पुढच्या वर्षी नवा गोंद आणला जातो आणि तेच होतं.

गोंद बहुतेक वेळा निर्दोष असतो. डबा बिघडतो तो कागद निवडताना, क्रीज (घडी नीट यावी म्हणून आधी पाडलेली रेघ) पाडताना आणि फ्लॅप (दुमडून चिकटवायच्या पट्ट्या) कापताना. म्हणून दुरुस्ती तिथून सुरू करायची.

आधी उसवलेला जोड नीट पाहा

उसवलेला डबा लगेच टाकून देऊ नका. जोड सुटलाय ती जागा उजेडात तिरकी धरून पाहा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

टेप किंवा गोंद एका बाजूला जसाच्या तसा आणि समोरची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर तो मुळात चिकटलाच नव्हता.

टेपला कागदाचा पापुद्रा चिकटून आला असेल आणि खाली खरखरीत थर उघडा पडला असेल, तर गोंदाने आपलं काम चोख केलंय. कागदच सोलला गेला. इथे आणखी जहाल गोंद आणून काही साधत नाही. वजन जोडावर कसं येतंय ते बदलावं लागतं.

जोड जागच्या जागी आणि घडीच चिरली असेल, तर दोष क्रीजचा किंवा कटरचा.

चिकटलंच नाही, तेव्हा

ग्लिटर, मोतिया चमक किंवा प्लास्टिकचा थर असलेल्या कार्डस्टॉकवर, म्हणजे जाड कागदावर, पांढरा गोंद धरत नाही, कारण त्याला सुकण्यासाठी पाणी कागदात मुरावं लागतं. इंकजेटवर गडद रंगात छापलेल्या पट्टीचंही तसंच: गोंद शाईच्या थराला धरतो आणि तो थर निघून येतो. उपाय सोपा आहे. चिकटवायची पट्टी छापायचीच नाही, कोरी ठेवायची. चमकदार कागद असेल तर फक्त त्या पट्टीवर २२० नंबरचा पॉलिशपेपर दोन-तीनदा हलकेच फिरवायचा, धूळ पुसायची आणि मग लाल आवरण असलेला, दोन्ही बाजूंनी चिकटणारा ६ मिमी टेप लावायचा. स्क्रॅपबुकसाठी मिळणारी रोलरची टेप फोटो चिकटवायला ठीक. डब्याला ती पुरत नाही.

टेप दाबला जात नाही, हेही नेहमीचं. बोटाने चेपून भागत नाही. बोन फोल्डर (घड्या दाबायचं चपटं साधन) नाहीतर चमच्याची पाठ जोर देऊन दोनदा फिरवा. या टेपची पूर्ण पकड यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून चिकटवल्या चिकटवल्या डबा भरू नका. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या बाजूला ऑक्टोबरअखेर गॅरेजमध्ये बसून हे काम करणारे असतात; तिथे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की टेपचा चिकटा कडक होतो आणि कागदावर पसरत नाही. चिकटवणं घरात, उबेला.

पांढरा गोंद वापरायचा तर थर पातळ हवा. जुन्या कार्डाच्या तुकड्याने ओढून पसरवा, दहा मिनिटं कपड्यांचे चिमटे लावा, रात्रभर सुकू द्या. गोंद जास्त झाला की कागद ओला होऊन पोक धरतो आणि जोड सुकताना पुन्हा उघडतो. ग्लू स्टिकने फक्त सजावट चिकटवावी.

कागद: पौंडाचा घोळ

अमेरिकेत पाकिटावर पौंड लिहिलेले असतात आणि तिथेच फसगत होते. ११० पौंड इंडेक्स आणि ११० पौंड कव्हर हे दोन वेगळे कागद आहेत. पौंड हे त्या त्या जातीच्या मूळ आकाराच्या ठरावीक तावांचं वजन, आणि दोन्ही जातींचा मूळ आकार निराळा. ११० पौंड इंडेक्स म्हणजे सुमारे १९९ जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). ११० पौंड कव्हर म्हणजे जवळपास ३०० जीएसएम. ८० पौंड कव्हर २१६ च्या आसपास, म्हणजे ‘११०’ लिहिलेल्या इंडेक्सपेक्षा ‘८०’ लिहिलेलं कव्हर जाड! ६५ पौंड कव्हर १७६. पौंड विसरा आणि पाकिटाच्या कोपऱ्यात जीएसएम शोधा. भारतात कागद जीएसएमवरच विकला जातो, त्यामुळे पुण्या-मुंबईत हा प्रश्न उद्भवत नाही.

दोन इंची, म्हणजे ५० मिमी चौकोनी तळाच्या डब्याला २०० ते २२० जीएसएम योग्य. चार इंचांच्या वरच्या तळाला ३००. चिमटलेल्या टोकांच्या तिकोनी पुडीला १२० ते १६०. तिथे जाड कागद नुकसानच करतो, ते पुढे येईल.

कड फुटून पांढरी रेघ दिसत असेल तर कागद चिरून पाहा. काही रंगीत कार्डस्टॉक आतून पांढरे असतात आणि रंग फक्त वरच्या थरात असतो. काळ्या आणि गडद जांभळ्या डब्यांवर ती रेघ लांबून दिसते. आरपार रंगलेला कागद घ्या, नाहीतर घडी घालून झाल्यावर कडेवरून त्याच रंगाचा मार्कर आडवा फिरवा.

घडी का फुटते

कागदाचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात. त्याला ग्रेन म्हणतात. ताव दोन्ही हातांत धरून न मोडता हलकेच वाकवा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी ग्रेनला समांतर. बाजारातले ए४ आणि लेटर (अमेरिकेतलं नेहमीचं माप) ताव बहुधा लांब बाजूच्या ग्रेनचे असतात, पण मोठ्या तावातून कापून विकलेल्या रंगीत कागदाचा भरवसा नाही. पाहून घ्या.

समांतर घडी गुळगुळीत येते. आडवी घडी वरच्या थराला तडे देते, म्हणून डब्याच्या उभ्या कडा सुबक आणि तळाची घडी खडबडीत, असं दिसतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. आडव्या घडीत तंतू घडी ओलांडून गेलेले असतात, त्यामुळे ती दिसायला वाईट असली तरी ताण चांगला पेलते. खरंच फाटते ती कटरने पाडलेली क्रीज. ‘पात्याने अर्धा कागद कापायचा आणि वळवायचा’ ही युक्ती पुठ्ठ्याच्या मॉडेलला चालते. खाऊच्या डब्यात तिने तळ जातो, कारण सगळं वजन त्या अर्ध्या उरलेल्या जाडीवर येतं.

क्रीज दाबून पाडायची, कापून नाही. स्कोअरिंग बोर्ड (क्रीज पाडायला खाचा असलेली पाटी) असेल तर उत्तम. नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन, स्टीलची पट्टी आणि खाली जुन्या मासिकाचे पाच-सहा थर. पहिल्यांदा हलकी रेघ, दुसऱ्यांदा जोर देऊन. जाड कागदावर आणि ग्रेनला आडव्या घडीवर तिसऱ्यांदा. जोर पहिल्याच फेरीत लावला तर टोक कागद ओरबाडतं.

कुठल्या बाजूला वळवायचं, यावर मात्र बहुतेकांची गफलत होते. दाबलेल्या बाजूला खाच पडते आणि पाठीमागे उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. म्हणून क्रीज डब्याच्या बाहेरच्या, रंगीत बाजूवर पाडा आणि कागद खाचेपासून दूर वळवा. खाचेत वळवल्यास पातळ कागद निभावून नेतो. २०० जीएसएमच्या वर बाहेरचा थर ताणला जाऊन फुटतो.

तळ का गळतो

दुधाच्या खोक्यासारखा, वर उतरतं छप्पर असलेला डबा हॅलोवीनला सगळ्यात जास्त केला जातो, आणि सगळ्यात जास्त उसवतोही तोच. त्याची मापं आधी पक्की करू.

ए४ ची रुंदी २१० मिमी. चार भिंती ५० मिमीच्या आणि १० मिमीची चिकटपट्टी: बरोबर २१०. लेटर तावाची रुंदी साडेआठ इंच: दोन इंचाच्या चार भिंती आणि अर्ध्या इंचाची पट्टी. दोन्ही ताव या डब्यासाठीच कापल्यासारखे आहेत, रुंदीत कतरण शून्य. उंचीला ए४ वर खालून वर असं मोजा: तळाचे फ्लॅप ४५, भिंत १२०, छपराचा उतार ३५, वरची चिमट २०. एकूण २२० मिमी. उरलेली ७७ मिमीची पट्टी ठेवून द्या, दांडीला लागते. लेटरवर हेच पावणेदोन, पावणेपाच, दीड आणि पाऊण इंच, एकूण पावणेनऊ.

तळाचे फ्लॅप ४५ का, २५ का नाही? तळ ५० चा असेल तर २५ चे समोरासमोरचे फ्लॅप मध्यावर जेमतेम भेटतात आणि तिथे फट राहते. सगळं वजन मग चार तुकड्यांच्या मधल्या गोंदावर, तेही सोलण्याच्या दिशेने. कागदाचा थर सोलायला फार कमी जोर पुरतो. तोच जोड सरकवून तोडायचा म्हटलं तर हात दुखतात. ४५ चा फ्लॅप तळ जवळजवळ पूर्ण झाकतो, वजन अख्ख्या कागदावर बसतं आणि घडीतून भिंतीत जातं. गोंदाकडे फ्लॅप जागेवर धरण्याचंच काम उरतं.

बंद करण्याचा क्रम: समोरासमोरचे दोन आत, त्यांवर तिसरा, शेवटी चौथा. प्रत्येकाखाली टेपच्या दोन पट्ट्या, एक मोकळ्या कडेपासून ३ मिमी आत आणि एक मध्यावर. सगळ्यात आतले दोन फ्लॅप ५ मिमीने कमी केले आणि प्रत्येक फ्लॅपच्या बाजू तिरक्या छाटल्या, तर कोपरे अडत नाहीत.

आणि कोपऱ्यातलं भोक. दोन फ्लॅपमधला काप तळाच्या घडीपाशी थांबायला हवा. कात्री तिथे नेहमीच दोन मिलिमीटर पुढे जाते आणि फाटणं सुरू होतं ते नेमकं त्या टोकातून. साखरेचे दाणे आणि कुकीचा चुराही तिथूनच गळतो. काप घडीच्या एक मिलिमीटर आधीच थांबवा. वळवताना तेवढं आपोआप उघडतं. आधीच पुढे गेला असेल तर आतून १५ मिमीचा चौकोनी तुकडा कोपऱ्यात दुमडून चिकटवा.

दांडी तुटणं हे याचंच भावंड. उरलेल्या ७७ मिमी पट्टीतून २५ मिमीच्या तीन पट्ट्या निघतात, पण त्यांत तंतू आडवे असतात आणि ओढल्यावर त्या पटकन फाटतात. दोन एकमेकींवर चिकटवून घ्या आणि डब्याला जोडताना आतून २० मिमीचा ठिगळतुकडा द्या. वजन खरंच जास्त असेल तर कागदी दांडीचा नाद सोडा. १५ मिमी रुंद, विणीची रिबीन तळाखालून घेऊन दोन्ही भिंतींवरून वर आणा. या मापाच्या डब्याला ५२ सेंटिमीटर पुरते. वजन रिबिनीत बसतं, तळाला फक्त आकार धरायचा असतो.

तिकोनी पुडी पिळवटते

नळी करून एक टोक उभं आणि दुसरं आडवं चिमटायचं, अशी ही पुडी. कँडी कॉर्न, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, छोट्या गोळ्या यांना छान. तक्रारी दोन: टोकं उघडतात आणि पुडी वाकडी बसते.

वाकडी बसते ती शिवणीमुळे. नळीचा जोड एका टोकाला मध्यावर आला तर दुसऱ्या टोकाला तो हमखास काठावर येतो, तिथे जाडी वाढते आणि चिमट नीट लागत नाही. पहिलं टोक चपटं करताना जोड काठापासून पाव रुंदीवर ठेवा, मग दुसऱ्या टोकालाही तो पाव रुंदीवरच येईल.

माप: १५८ बाय ८२ मिमीचा तुकडा. लांब बाजूला ८ मिमी जोडासाठी, म्हणजे नळीचा घेर १५०. वर-खाली ८-८ मिमी चिमटीसाठी, मधली उंची ६६. चारही बाजू जवळपास सारखे त्रिकोण होतात आणि पुडी कुठल्याही अंगावर सरळ बसते. एका ए४ मधून तीन निघतात. आत सुमारे ५० मिलिलिटर मावतं. मोठी चॉकलेटं भरायची असतील तर घेर आणि उंची दोन्ही वाढवा, नुसती उंची वाढवली तर ती निमुळती होऊन लवंडते. टोकं उघडत असतील तर कागद जाड आहे: २०० जीएसएमचा कागद चिमटीतून परत सरळ व्हायला बघतो आणि टेप हरतो.

झाकण बसत नाही, किंवा बसलं तर निघत नाही

तळ आणि झाकण एकाच मापाने कापलं की हे होणारच. कोपऱ्यात पट्ट्या चिकटल्यावर तिथे कागदाचे दोन थर होतात. २२० जीएसएमला झाकण तळापेक्षा ३ मिमी मोठं, ३०० ला ४ मिमी. ७५ मिमी तळ आणि ४० उंचीच्या डब्याला १५५ मिमीचा चौकोन. झाकणाला ७८ अधिक दोन्हीकडे २०, म्हणजे ११८. दोन्ही मिळून २७३, एका ए४ किंवा लेटर तावात बसतात. कोपऱ्याच्या पट्ट्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्यांची टोकं ४५ अंशांत छाटा, नाहीतर झाकण खाली फाकतं.

टेम्प्लेट छापून घेत असाल तर प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही सोय बंद करा. अमेरिकेतलं लेटर मापाचं टेम्प्लेट ए४ वर छापलं की रुंदीच्या हिशेबाने सुमारे ९७ टक्क्यांवर येतं. तळ आणि झाकण एकाच वेळी छापलं तर एकमेकांत बसेल, पण ठरवलेली कुकी आत बसणार नाही. पहिल्या प्रिंटवर पट्टी ठेवून एखादी बाजू मोजा, मग बाकीचे छापा.

तेलकट डाग

लोण्याच्या कुकीचा डाग रात्रभरात कागदातून बाहेर येतो. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच, म्हणजे हॅलोवीनच्याच दिवशी, आली, तेव्हा परदेशातल्या कित्येक मराठी घरांत त्याच भोपळ्याच्या डब्यांतून शंकरपाळे आणि चकल्याही गेल्या असतील. तुपातेलापुढे तर साधा कार्डस्टॉक टिकतच नाही. बाहेरून वार्निश मारून उपयोग नाही, कारण तेल आतून येतं.

रंगीत कार्डस्टॉक, इंकजेटची शाई, ग्लिटर आणि स्प्रे यांतलं काहीही उघड्या खाण्याला लागू देऊ नका. आत सेलोफेनची पिशवी किंवा बेकिंगचा बटर पेपर घाला. कागद तळाला कापून न बसवता भिंतींवर अर्ध्यापर्यंत येईल असा दुमडा. तेल कोपऱ्यातच साचतं. खाऊ पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट कुकीची वाफ झाकणाखाली जमते, कुकी मऊ पडते आणि पोक धरलेली भिंत गोंदासकट सुटते. ज्याचा अंदाज येत नाही तो पदार्थ उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर १२ तास ठेवून पाहावा.

ओळख नसलेल्या मुलांसाठी दारात ठेवायचे डबे असतील तर आत कारखान्याच्या वेष्टनातलाच खाऊ घाला. पालक सुटा, घरचा खाऊ सहसा टाकून देतात. शाळेत देणार असाल तर शेंगदाणे आणि सुकामेव्याबद्दलचा वर्गाचा नियम आधी विचारा. अन्नाच्या ॲलर्जीसाठी काम करणाऱ्या फेअर या अमेरिकन संस्थेने २०१४ मध्ये देशभर सुरू केलेल्या उपक्रमात दाराशी निळसर-हिरवा भोपळा ठेवतात; त्याचा अर्थ, इथे खाण्याऐवजी छोट्या वस्तूही मिळतील. खोडरबर आणि स्टिकर भरलेल्या डब्याला तेलाची चिंता नाही, आणि तळावर भारही कमी.

पेपर मॅशेचा भोपळा: पोचे आणि बुरशी

फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून केलेला भोपळा एका बाजूने आत दबतो, कारण रात्री खोली गार झाली की फुग्यातली हवा आक्रसते आणि ओला थर तिच्यामागे जातो. दिवस-रात्र सारखं तापमान असलेल्या जागी टांगा. हीटरसमोर ठेवू नका, तिथे फुगा फुगून थर फाडतो.

बुरशी येते ती घाईमुळे. एक वाटी मैद्याला एक ते दीड वाटी पाणी आणि मोठा चमचाभर मीठ. पट्टी बोटांतून निथळून घ्या. एका वेळी दोनच थर, मग २४ तास. असे सहा थर झाले की वाटीसारखा मजबूत होतो. वरून कोरडा लागला तरी गालाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे, रंग लावू नका. रंगाखाली ओल कोंडली की आठवड्याभरात काळे ठिपके दिसतात, आणि अशा भोपळ्यात खाऊ ठेवायचा नाही, पुसूनही नाही.

झाकण कापताना कटर सरळ धरू नका, टोक मध्याकडे तिरकं ठेवा, नाहीतर झाकण आत पडतं.

काळ्या कागदावर गोंदाचे डाग

ते निघत नाहीत. काळ्यावर फक्त टेप वापरा, खुणा पांढऱ्या पेन्सिलीने आतल्या बाजूला करा. डब्याच्या खिडकीला लावलेलं पारदर्शक प्लास्टिकही टेपनेच. पांढरा गोंद दोन बंद थरांमध्ये दिवसेंदिवस ओला राहतो. ग्लू गनने चिकटवलेली सजावट बंद गाडीत उन्हात ठेवली तर सरकते, आणि चॉकलेट त्याआधीच, ३४ अंशांच्या आसपास, वितळलेलं असतं.